बोअर नंबर एक्केचाळीस

४ फेब्रुवारी

चिंगे,

सहा वर्षांनी घरून पत्र आलं की माणूस आधी विचारतो, कोण गेलं. कोणी गेलेलं नाही. गुडघे सोडले तर मी धडधाकट आहे. वर 'अनेक आशीर्वाद' लिहिलं होतं, पण ते वाचून तू पुढचं न वाचताच पत्र बाजूला टाकशील अशी भीती वाटली, म्हणून कागद बदलला आणि थेट कामाचं लिहितोय.

तुमची गल्ली सोडा. तू, जावई आणि माझी नात, तिघंही. वरच्या भागात, पाण्याच्या टाकीच्या पलीकडे कुठेही दोन खोल्या बघा. तुझं कवळ्या बनवायचं काम काय, एक टेबल, एक भट्टी आणि नळ असला की कुठेही मांडता येतं. दातांच्या डॉक्टरांकडे कवळ्या पोचवायला जावयांना दोन वळणं जास्त पडतील, एवढंच.

कारण सांगतो. वेगवान रेल्वेचा जो कायदा तीन वर्षांपूर्वी झाला, त्यात गाडी नदीपलीकडच्या मोकळ्या जमिनीवरून, खांबांवरून जायची होती. आता तो कायदा बदलायचं विधेयक आलंय. काल आमच्या गोदामाच्या फळ्यावर त्याची प्रत लावली. परिशिष्ट दोनमधला जुना नकाशा काढून नवा घालायचा, वरवर एवढंच दिसतं. नदीपलीकडच्या वजनदार लोकांना खांब नको होते, हे त्यात कुठे लिहिलेलं नाही. पण गोदामातल्या शिपायालाही ते माहीत आहे. नव्या नकाशात गाडी अलीकडून जाते. जमिनीखालून, बोगद्यातून. तुमच्या खालच्या वस्तीच्या बरोबर पोटातून. मध्ये एक रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंना पंचवीस-पंचवीस मीटरचा पट्टा. त्या पट्ट्यात बत्तीस घरं येतात. मी भिंग घेऊन मोजली. तुझं एकोणिसावं.

बोगदा म्हणजे धूळ, ट्रक, आवाज. तुझ्या कामाला धूळ चालत नाही. म्हणून म्हणतो, निघा. दुसरं काही कारण नाही.

मी आता रिगवर जात नाही. जमिनीत भोक पाडून दगडाचे जे दांडके वर काढतात, ज्यांना तू लहानपणी दगडाच्या काकड्या म्हणायचीस, त्या गाभ्याच्या पेट्यांचा राखणदार झालोय. ऑगस्टमध्ये निवृत्त होईन.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. घर बदललंस की फक्त नवा पत्ता कळव.

बाबा


१३ फेब्रुवारी

चिंगे,

जावयांचं कार्ड आलं. ज्या माणसाला रिगवर मी 'ए लंब्या' अशी हाक मारायचो, त्याला लग्नानंतरही अहो-जाहो करणं मला जमलं नव्हतं. आता कागदावर तरी करतो. डाव्या हाताने लिहिलेलं त्यांचं अक्षर लागायला वेळ लागला. पाचच ओळी होत्या. "पत्र मिळालं. तिने वाचलं नाही, मी वाचलं. धुळीसाठी कोणी घर सोडत नाही, खरं कारण लिहा. गल्लीच्या दोन्ही टोकांना पंप बसवलेत, दिवसभर जमिनीतलं पाणी उपसतायत. मागच्या खोलीच्या भिंतीला चीर आहे."

पंप बसवलेत हे मला माहीत नव्हतं. विधेयक अजून समितीपुढेही गेलेलं नाही. चौकशी केली तर कळलं की जुन्या कायद्यातल्या 'तपासणीची कामे' या दोन शब्दांवर त्यांनी पंप चालू केलेत. खालचं पाणी किती वेळात किती उतरतं ते त्यांना बघायचंय. पाणी उतरल्यावर वरचं काय करायचं, ते बघायला कोणाला सांगितलेलं नाही.

चीर कुठे आहे, उभी की आडवी, ते जावयांनी लिहिलेलं नाही. एक काम कर. तुझ्याकडे प्लॅस्टर असतंच. रुपयाएवढा चपटा गोळा चिरेच्या मधोमध आडवा थाप, दोन्ही कडांना नीट चिकटव आणि त्यावर तारीख घाल. असे तीन कर. एक वर, एक मध्ये, एक जमिनीजवळ. दात बसवताना वापरतेस तेच पांढरं प्लॅस्टर घे; ते ताणलं जात नाही. भिंत स्थिर असेल तर वर्षानुवर्षं तसंच राहील. हलत असेल तर तडकेल. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, प्लॅस्टरवर ठेव.

आता दुसरं. विधेयकावर हरकत घेता येते. पाच मार्चपर्यंत. पण फक्त पट्ट्यातल्या घरवाल्यांना. मी पट्ट्याच्या बाहेरचा, माझा कागद ते दारातूनच परत करतील. तुझा घ्यावा लागेल.

आणि नववं कलम नीट वाच. प्रत सोबत पाठवतोय, खाली पेन्सिलने रेघ मारली आहे. "सोबत जोडलेला भूस्तर अहवाल अंतिम मानला जाईल व त्याबाबत कोणत्याही न्यायालयात प्रश्न उपस्थित करता येणार नाही." एकदा हे मंजूर झालं की तुमच्या पायाखाली काय आहे ते कायदा सांगेल. फावडं घेऊन कोणी उलटं सिद्ध केलं तरी उपयोग नाही.

खरं कारण जावयांनी विचारलंय. ते लिहायला मला अजून चार दिवस लागतील.

बाबा


२१ फेब्रुवारी

चिंगे,

आठ दिवस लागले.

काल जावयांचं दुसरं कार्ड आलं. म्हणजे तीन गोळे तू थापलेस तर. मधला चौथ्या दिवशी तडकला, खालचा पाचव्या. वरचा शाबूत आहे. म्हणजे भिंत खालून सुटतेय.

आता सांगतो.

गेल्याच्या गेल्या वर्षी, ऑक्टोबरमध्ये, तुमच्या गल्लीमागच्या मोकळ्या जागेत आम्ही नऊ दिवस रिग लावली होती. बोअर नंबर एक्केचाळीस. तुझ्या मागच्या दारापासून साठ पावलं. तू वाळत घातलेले कपडे मला दिसायचे. मी आलो नाही. रोज ठरवायचो की आज काम आटोपलं की जाऊ, आणि रोज काम आटोपलं की गाडीत बसायचो. तिसऱ्या दिवशी गल्लीतली पोरं रिग बघायला आली, त्यांत दोन वेण्यांची एक होती. तुझंच कपाळ. तिने मला विचारलं, "काका, खाली काय आहे?" मी म्हटलं, दगड. ती म्हणाली, "आणि त्याच्या खाली?" मी म्हटलं, अजून दगड. तिला ते काही फारसं पटलं नाही.

सहाव्या दिवशी सत्तावीस मीटरवर ड्रिलचे दांडे आपोआप खाली गेले. ड्रिलरने दट्ट्या दाबलेला नव्हता. त्याने हात वर करून मला दाखवले, मी काही करत नाहीये म्हणून. सगळं वजन एकदम पुरुषभर खाली गेलं आणि टेकलं. भोकात आपण जे पाणी सोडतो ते दगड घासून परत वर येतं, ते येईना. आम्ही टँकर रिकामा केला. मग दुसरा. भोकाच्या तोंडापर्यंत पाणी आलं नाही. ड्रिलरने इंजिन बंद केलं आणि पाइपाला कान लावला. मग मला म्हणाला, "तुम्ही पण ऐका." खाली पाणी वाहत होतं. साचलेलं नव्हे, वाहत होतं.

मी नोंदपत्रकात लिहिलं: सत्तावीस ते अठ्ठावीस दशांश सात, पोकळी, पाणी परत नाही. तारीख, वेळ, सही.

पंधरा दिवसांनी आमच्या भूगर्भ विभागाच्या मॅडमनी मला बोलावलं. बाई हुशार आहेत, आवाज कधी चढवत नाहीत. समोर टाइप केलेलं स्वच्छ पत्रक होतं. त्यात त्याच ओळीत 'सलग चुनखडी' असं होतं. मी म्हटलं, मॅडम, इथे काहीतरी राहिलंय. त्या म्हणाल्या, "एक्केचाळीसच्या दोन्ही बाजूंच्या बोअरला सलग दगड लागलाय. मधेच एका ठिकाणी पोकळी लिहिली की सगळा अहवाल अडतो. तुमचं माप चुकलं असेल असं मी म्हणत नाही, पण नसेल असंही म्हणवत नाही." मग चहा आला. मी सही केली.

त्या वेळी गाडी नदीपलीकडून जाणार होती, अलीकडची बाजू आम्ही नुसती पर्याय म्हणून तपासत होतो. आपण काहीही लिहिलं तरी तिथे काही बांधणार नाहीत, असं मी स्वतःला सांगितलं. आता तोच अहवाल विधेयकाला जोडलाय. तेच नववं कलम, तेच पत्रक, तीच सही.

मी असा कागद पहिल्यांदा सही केलेला नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे. जावयांचा हात गेला तेव्हा चौकशीच्या कागदावर 'कामगाराचा निष्काळजीपणा' लिहिलं, ते मी. रिगचा दोर झिजलाय हे मला तीन दिवस आधीपासून ठाऊक होतं. इस्पितळात जावयांच्या उशाशी बसून तू मला एवढंच विचारलं होतंस, "बाबा, दोर तुम्ही बघितला होता ना?" मी म्हटलं होतं, आठवत नाही.

आठवतं. तेव्हाही आठवत होतं.

बाबा


२७ फेब्रुवारी

चिंगे,

हे पत्र जावयांच्या हाती पडलं की त्यांनी ते तुला मोठ्याने वाचून दाखवावं. तुझी तयारी नसेल तर तू पाठ करून बस, पण ऐक.

सोमवारी मी गोदामात एक्केचाळीसच्या पेट्या उघडल्या. अकरा पेट्या आहेत. पोकळी लागली तिथे वर काही येत नाही, म्हणून तेवढ्या लांबीचा लाकडी ठोकळा आम्ही पेटीत घालतो आणि त्यावर लिहितो, 'गाभा नाही'. तो ठोकळा मी स्वतः कापून घातला होता. आता तिथे ठोकळा नाही. दगड आहे. पेटी गच्च भरलेली. हातात घेऊन बघितला. रंग शेजारच्या तुकड्यांपेक्षा एक छटा गडद, आणि त्यात शिंपल्यांचे बारीक ठसे. असे ठसे फक्त अडतीस नंबरच्या बोअरमध्ये होते. अडतीसची पेटी उघडली, तर तिथे तेवढीच जागा रिकामी. माझ्या गोदामात, माझ्या कुलपाखाली हे झालंय आणि मला पत्ता नाही. किंवा असं म्हण, मी इतके दिवस तिकडे बघितलंच नाही.

बुधवारी मॅडम गोदामात आल्या. त्या इकडे कधी येत नाहीत, इथे धूळ असते. उभ्याउभ्याच बोलल्या.

"पेट्या उघडल्या होत्या म्हणे."

"वाळवी बघत होतो."

"पत्र्याच्या पेटीला?"

मी जवळच्या पेटीवरची धूळ पुसली.

"तुमची मुलगी खालच्या वस्तीत राहते," त्या म्हणाल्या. "मला कालच कळलं. आधी सांगितलं असतंत तर त्या भागाचं काम तुम्हाला दिलंच नसतं." मग म्हणाल्या, "हे बघा, आपल्या सहीने रेल्वे थांबत नाही. फक्त आपण थांबतो. ऑगस्टपर्यंत शांत राहा."

खरं सांगू? त्या मला घाबरवत होत्या असं वाटलं नाही. त्या स्वतःच घाबरल्यासारख्या दिसल्या. जाताना दाराशी थांबून विचारलं, "पाणी खरंच परत आलं नव्हतं?" मी म्हटलं, दोन टँकर गेले. त्यांनी मान हलवली आणि गाडीत जाऊन बसल्या. तेव्हापासून मला जास्त भीती वाटतेय.

आता काय करायचं ते लिहितो. सोबत माझी खिशातली वही आहे. पत्रकावर चढवण्याआधी मी सगळं तिच्यात टिपतो. सहा दिवसांची पानं दुमडून ठेवली आहेत. ही एकच आहे, हरवू नका. हरकतीचा मसुदाही ठेवलाय. त्यात तुझं घर, तुझी चीर, तडकलेल्या प्लॅस्टरच्या तारखा तुझ्या हाताने भर. शेवटी लिही: साक्षीदार म्हणून बोअर नोंद करणाऱ्या कर्मचाऱ्याला बोलवावे. हरकत घेणाऱ्याने बोलावलं तर मला आत जाता येतं. एरवी नाही.

मला तोंड दाखवायची तुझी इच्छा नसेल. समितीच्या खोलीत टेबल लांब असतं. आपण दोन टोकांना बसू.

पाच मार्च. पोस्टाने पाठवू नका, जावयांनी स्वतः नेऊन पोच घ्यावी.

बाबा


२४ मार्च

चिंगे,

तू तिथेच होतीस, मग हे सगळं तुला का लिहितोय असं वाटेल. समितीकडून माझ्या साक्षीचं टिपण सहीसाठी आलंय. चार पानं. त्यात तुझे प्रश्न नाहीत, म्हणजे अर्धे आहेत, अर्धे गाळलेत. म्हणून जसं झालं तसं इथे लिहून ठेवतो. तुझ्याकडे राहू दे.

अध्यक्षांनी सुरुवातीलाच घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, थोडक्यात. त्या दिवशी त्यांनी तो शब्द किती वेळा उच्चारला याची गणतीच नाही. तू कवळीच्या डबीतून प्लॅस्टरचे दोन तुकडे काढून त्यांच्यासमोर ठेवलेस. त्यांनी डबी बघून आधी खुर्ची मागे घेतली. मागे कोणीतरी खुसखुसलं. तू हसली नाहीस. तू तुझ्या आईसारखी उभी होतीस, एक खांदा जरा वर.

मग मला पुढे बोलावलं. सहा वर्षांत तू माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य असं: "साक्षीदारांनी आपलं काम सांगावं."

"बोअरच्या नोंदी ठेवणं."

"किती वर्षं?"

"एकतीस."

"अहवालातलं हे पत्रक. सही तुमची?"

"माझी."

"मजकूर?"

"माझा नाही. माझा या वहीत आहे."

"मग सही का केलीत? कोणी धमकावलं?"

"धमकावलं नाही. चहा दिला."

इथे लोक हसले. टिपणात 'हशा' असं कंसात घातलंय, आणि माझं उत्तर असं लिहिलंय: "साक्षीदाराने दबाव नसल्याचे मान्य केले."

मग रेल्वेच्या वकिलांनी पेटी आणवली. झाकण उघडलं. ती भरलेली होती. मी सांगितलं, हा दगड अडतीसचा आहे, शिंपले बघा, अडतीसची पेटीही आणवून बघा. वकील म्हणाले, "दगडावर पत्ता लिहिलेला असतो का हो?" पुन्हा हशा. मीही हसलो. सवयीने हसलो. साहेबलोकांनी विनोद केला की हसायचं, हे एकतीस वर्षं केलंय. तू माझ्याकडे बघितलंस आणि माझं हसू तोंडातच राहिलं.

वकील म्हणाले, हा माणूस एकदा सही करतो, एकदा नाकारतो, याच्या शब्दाला किती किंमत द्यायची. खरं तर प्रश्न बरोबर होता. अध्यक्ष तुला म्हणाले, तुमचं झालं असेल तर बसा. तू बसली नाहीस. टिपण इथे संपतं. पुढचं असं.

तू विचारलंस, "याआधी तुम्ही असा कागद सही केलाय?"

वकील उठले. अध्यक्ष म्हणाले, "या प्रश्नाचा विधेयकाशी संबंध नाही."

मी म्हटलं, "केलाय."

"कोणाबद्दल?"

"माझ्या जावयाबद्दल. रिगवर त्याचा हात गेला. दोर झिजलेला होता. मला तीन दिवस आधी माहीत होतं. मी लिहिलं, चूक त्याची."

अध्यक्षांनी टिपण घेणाऱ्या बाईंना हात करून थांबवलं. त्या थांबल्या, पण मान वर करून माझ्याकडे बघत राहिल्या.

तू विचारलंस, "मग आज खरं का सांगताय?"

याचं उत्तर मी घरून तयार करून आणलं होतं. चांगलं होतं. बत्तीस घरं, लहान मुलं, वगैरे. ते तोंडातून बाहेर पडेना. मी म्हटलं, "कारण या वेळी खाली तू आहेस." आणि म्हणताना लगेच कळलं की हे काही फार मोठेपणाचं उत्तर नाही. दुसऱ्याची मुलगी असती तर मी ऑगस्टपर्यंत शांत राहिलो असतो. तुलाही ते कळलं. तू कागद गोळा केलेस.

जावई मागच्या बाकावर होते. ते उठून बाहेर गेले. मला वाटलं, आता संपलं.

बाहेर नळापाशी मी पाणी पीत होतो तेव्हा तू जवळून गेलीस, दोन पावलं पुढे जाऊन थांबलीस आणि माझ्याकडे न बघता विचारलंस, "बाबा, तुमची बस किती वाजता आहे?" मी म्हटलं, साडेपाचची. तू म्हणालीस, "मग आहे अजून वेळ." आणि गेलीस. त्या वाक्याचा अर्थ काय लावायचा हे मला घरी पोचेपर्यंत ठरवता आलं नाही.

टिपणावर मी सही केलेली नाही. परत पाठवताना खाली लिहिलं, 'अपूर्ण'.

बाबा


९ एप्रिल

चिंगे,

विधेयक आज मंजूर झालं. कँटीनमधल्या टीव्हीवर बघितलं. वीस मिनिटांत आटोपलं. त्यातली बारा मिनिटं गाडी किती वेगाने जाईल यावर गेली. समितीने एक ओळ वाढवली आहे: "खालच्या वस्तीत आवश्यकतेनुसार निरीक्षण करावे." 'आवश्यकतेनुसार' या शब्दाला मी चांगला ओळखतो. तो जिथे असतो तिथे कोणी जात नाही.

नववं कलम जसंच्या तसं राहिलं. म्हणजे आजपासून कायद्याने तुमच्या घराखाली सलग दगड आहे.

दुपारी मला निलंबनाचं पत्र मिळालं. खोट्या सहीची कबुली दिल्याबद्दल. यात चूक काही नाही. गोदामाच्या किल्ल्या मॅडमनी स्वतः घेतल्या. किल्ल्या घेताना त्या म्हणाल्या, "सोमवारपासून सहा पंप चालणार आहेत. मी चार दिवसांची मुदत मागितली होती, मिळाली नाही." मग म्हणाल्या, "तुमच्या मुलीला सांगा." मी म्हटलं, तुम्हीच लेखी द्या ना. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

तर सांगतोय. सोमवारपासून सहा.

आतापर्यंत त्या पोकळीतलं पाणीच वरचं छत तोलून धरत आलंय. ते काढलं की छताला खालून आधार नाही. किती दिवस लागतील ते मला सांगता येणार नाही, आणि जो कोणी आकडा सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

नातीला तरी तिथून हलवा. हात जोडतो.

बाबा


१७ एप्रिल

चिंगे,

आज तुझं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर बघून मी ते तासभर तसंच टेबलावर ठेवलं. मग वाचलं. इतक्या वेळा वाचलंय की मला ते पाठ झालंय. तरी इथे उतरवून काढतो, म्हणजे मी नीट समजलोय की नाही ते तुला कळेल.

"बाबा, मंगळवारी दुपारी शेजारच्या चष्मेवाल्याची पायरी खाली गेली. गिऱ्हाईक आत होतं, त्याला खिडकीतून काढलं. भोक ताटाएवढं होतं. रेल्वेची माणसं आली, जुनी गटार फुटली असेल म्हणाली. काँक्रीटची अख्खी गाडी आत ओतली. भरलं नाही. दुसरी मागवली. तीही गेली. मग त्यांनी वरून लोखंडी पत्रा ठेवला आणि निघून गेले. आम्ही पाण्याची मोटार बंद ठेवली की जमिनीतून आवाज येतो.

बत्तीसपैकी अकरा घरं रिकामी झाली. बाकीच्यांना जायला ठिकाण नाही, आणि कायदा म्हणतो की जायचं कारणही नाही. पोरीला तिच्या आत्याकडे पाठवलंय. आम्ही दोघं थांबलोय, कारण आम्ही गेलो तर उरलेल्यांना वाटेल की आम्हाला आधीच सगळं माहीत होतं आणि आम्ही पळालो.

इथे जमिनीतलं कळणारं कोणी नाही. कुठलं घर आधी रिकामं करायचं, कुठून चालायचं, लोक ह्यांना विचारतात. ह्यांना रिगवरचं जेवढं आठवतं तेवढं सांगतात. तुम्ही याल का, असं विचारलंय. मी विचारलेलं नाही. ह्यांनी विचारलंय."

येतो.

जावयांना सांग, त्यांच्यासमोर उभं राहून काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही. बहुतेक बसमध्येही सुचणार नाही. त्यांनी त्याची वाट बघू नये, आधी कामाला लावावं.

शुक्रवारची पहाटेची बस आहे, दुपारपर्यंत पोचतो. पातळी बघायची नळी, पहार आणि दोरीची दोन बंडलं आणतोय. दोर नवे आहेत, दुकानात उभा राहून वीत न् वीत बोटांतून काढलेत.

मी येईपर्यंत एवढं करा. रात्री सगळ्यांना टाकीच्या बाजूच्या घरांत झोपवा, जागा कमी पडली तर एकमेकांना चिकटून. गल्लीच्या मधून चालू नका, भिंतींच्या कडेनेही नको. वरच्या बाजूच्या फरसबंदीवरून, एकामागून एक, अंतर ठेवून चाला. लोखंडी पत्र्यावर कोणाला उभं राहू देऊ नका. जमिनीतून येणारा आवाज ऐकू येतोय तोवर ठीक आहे. तो थांबला, म्हणजे खालचं पाणी संपलं, तर मात्र काही उचलायला मागे वळू नका.

आणि मागच्या खोलीचं दार अडकलं असेल तर जोर लावू नका. भिंतीचा भार आता त्याच चौकटीवर आला असेल, तिला धरू दे.

बाबा